निबंधात आमचे मालक दारू पिले

त्या दिवशी वर्गात मी व्हते, माझी नात व्हती, तिच्या बाई व्हत्या, नववीची सगळी पोरं व्हती, आन मागच्या बाकावर माझी सून, कंपनीत रजा टाकून आलेली. आमचे मालक, नातीचे आजोबा, नव्हते. त्यांना जाऊन तीस वरसं झाली, पन बोलनं सगळं त्यांचंच व्हतं.

झालं असं. बाईंनी पोरांना घरच्या म्हाताऱ्या मानसाचे कष्ट लिहून आनायला सांगितलं. नातीनं मला दोनच गोष्टी इचारल्या. आजोबा कशानं गेले, आन तू भाजी कधीपासून इकती. मी मेथीच्या जुड्या बांधत व्हते. म्हनलं, काविळीनं, आन तव्हापासून. बाकीचं तिनं मोबाईलातल्या त्या एआयकडून लिहून घेतलं. खाली घरच्याची सही पाहिजे व्हती. मी दुसरी शिकलेली, नाव तेवढं काढता येतं. न वाचता काढलं.

निबंध पहिला आला, बक्षीस मिळालं, शाळेच्या मोबाईल ग्रुपवर गेला. गंगापूर रोडला मी भाजी इकते तिथं शेजारी फुलवाली बसती, ती म्हनली, "काय गं, तुझा नवरा पीत व्हता? इतक्या वरसात बोलली नाय कधी!" तव्हा मला कळलं. त्यात लिव्हलं व्हतं, नवऱ्यानं दारूपायी घर बुडवलं, बायकोला मारलं, आन लिव्हर खराब होऊन मेला.

मालकांनी सुपारी सुदिक खाल्ली नाय. कावीळ झाली तव्हाबी लोकं हेच म्हनले. मयतीला आलेले म्हनले. म्या गिळलं, दोन पोरं घेऊन लोकाच्या वावरात निंदायला गेले, सांजच्याला भाजी इकली. आता परत ऐकायचं त्रान नव्हतं. शाळेत गेले, म्हनलं, ते खोडा.

बाई म्हनल्या, "आजी, बसा. चूक कोणाची, ते मुलांनाच ठरवू द्या. आम्ही सध्या हेच शिकतोय."

एक पोरगी म्हनली, मशीनची. बाई माझ्या नातीला म्हनल्या, "त्याला तुझे आजोबा माहीत नाहीत. लोकांनी जे जास्त लिहून ठेवलंय, त्यावरून ते जुळवतं. गरीब नवरा आणि कावीळ म्हटलं, की दारू जोडतं."

"म्हंजे आमच्या भावकीवानीच," म्या म्हनलं. पोरं हसली.

तेवढ्यात दुसरी एक पोरगी बोलली, "आजी, तुम्ही पन जुडीत पिवळी पानं आत घालताच की! आमची मम्मी रोज शिव्या देती." बाई तिच्यावर खेकसल्या.

"ऱ्हाऊ द्या बाई, खरं बोलती. घालते मी. पन गिऱ्हाईक भांडाया आलं तर मेथीला बोल लावत नाय. बांधली कुनी?"

नात उठली. मान खाली. "आजी, दारूचं मी वाचलं व्हतं. तू नाय सांगितलं ते मला माहीत व्हतं. पन वाचायला भारी वाटलं, म्हनून ठिवलं."

मशीनपक्षा हे लागलं. रागवायला जीव नव्हता. म्हनलं, "सही माझी हाय. बस खाली."

तिनं बक्षीस परत दिलं, मला इचारून इचारून नवा निबंध लिव्हला. पन पहिला लोकांच्या मोबाईलात हाय. कुनाकुनाच्या दारात जाऊ मी? पाय चालत नाय.

वाचनाऱ्यानं एवढं करा. तुमच्याकडं तो निबंध आला असंल तर पुसून टाका. आन ज्याला पुढं धाडला असंल, त्याला सांगा, तो मानूस काविळीनं गेला, पीत नव्हता.