समुद्राची बाटली

नारळी पौर्णिमेला आम्ही मालवणला गेलो होतो. होडीतून किल्ल्यावर गेलो, सुरमई खाल्ली, बंदरावर समुद्राला नारळ वाहताना पाहिलं. आईचं लक्ष मात्र नळाकडे. आमच्या सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आलं की दिसेल ते भांडं भरायचं. तिथल्या खोलीतही तिनं बादल्या, तांब्या, प्रवासातल्या रिकाम्या बाटल्यासुद्धा भरल्या. घरमालकीण हसली. “काकी, हय पाणी जाणा नाय.”

“सगळे असंच म्हणतात,” आई म्हणाली. मला लाजच वाटली.

निघायच्या सकाळी तिनं त्यातली एक बाटली चक्क ओतून दिली. मग चपला काढून लाटेत उतरली आणि ती बाटली समुद्राच्या पाण्यानं भरून आणली.

“हे कशाला?”

“असू दे की.”

पुन्हा जाऊ, असं दर श्रावणात म्हणतो. जाणं काही होत नाही.

आज नळाला पाणी आलं. शिळं पाणी झाडांना घालून आई सगळी भांडी नव्यानं भरत होती. फळीवरची ती बाटली तेवढी तिनं उचलली, कानाशी धरून हळूच हलवली आणि पुन्हा होती तिथं ठेवली.