भाऊजींची सायकल किती पळायची

माझ्या किल्ल्यांच्या दुकानात मागच्या भिंतीवर, छताला लागून, एक सायकल टांगलेली आहे. किल्ली तयार होईपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं, कानशीचा आवाज चालू असतो, करण्यासारखं काही नसतं. मग नजर वर जाते आणि हमखास एकच प्रश्न येतो, "ही किती पळते हो?" दूधवाल्याची सायकल असती तर कोणी विचारलं नसतं. पण ही खरी रेसची आहे. बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हॅन्डल, आणि वजन इतकं कमी की एका हातानं उचलावी. वस्तू भारी दिसली की लोकांना तिचा वेग विचारावासा वाटतो. मी म्हणतो, "विकायची नाही." त्यांनी ते विचारलेलंच नसतं, पण तोवर माझं डोकं फिरलेलं असतं.

सायकल माझ्या भाऊजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. एका खुर्चीत गिऱ्हाईक, दुसरीत नुसतं गप्पा मारायला आलेलं कोणीतरी. कात्री आणि जीभ दोन्ही सारख्याच चालायच्या. चार घरची भांडणं, तीन घरची लग्नं त्या आरशासमोर मिटली किंवा जुळली. मला ते "किल्लीसाहेब" म्हणायचे, आणि माझ्या पोटाकडे बघून, "साहेब, हे कुलूप कोणत्या किल्लीनं उघडतं?" असंही विचारायचे, भर दुकानात, लोकांसमोर.

पन्नाशी जवळ आल्यावर या माणसानं ही सायकल आणली. ताई म्हणाली, "याला म्हातारचळ म्हणतात." भाऊजी म्हणाले, "हौसेला मोल नाही." आणि खरंच, दुसरी कसली हौस त्यांना नव्हती. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. हॅन्डलवर वेग दाखवणारं एक छोटं यंत्र होतं. आल्या आल्या त्याच्यावरचा आकडा सगळ्यांना ऐकवायचे, मला, ताईला, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला. "उतारावर पन्नास! पन्नास, किल्लीसाहेब! तुमची तर गाडीसुद्धा धापा टाकेल."

परत आले की त्यांचे डोळे लाल झालेले असायचे आणि गालावर पाण्याचे ओघळ असायचे. चष्मा लावा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. ताई घाबरायची, तेव्हा म्हणायचे, "अगं, वारा लागतो. डोळ्यांतून पाणी आलं की समजायचं, वेग बरा आहे."

माझी दाढी माझ्या लग्नाआधीपासून तेच करायचे. एकदा कानाखाली वस्तरा लागला. फार नाही, पण लागला. भाऊजींच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी तुरटी फिरवली, ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढून लावली आणि आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हललास."

मी दगडासारखा बसलो होतो. पण आरशात मला त्यांचा उजवा हात दिसत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, जसं कोणी नाणं चोळावं. त्यांनी तो हात हळूच खिशात घातला. मी म्हटलं, "हो, हललो."

मग इतर गिऱ्हाइकंही हलायला लागली. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं तेव्हा भाऊजींनी आधीच वस्तरा पेटीत ठेवला होता. कात्री थोडे दिवस चालली, मग तीही गेली. खुर्च्या दुसऱ्या सलूनवाल्यानं नेल्या. त्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर बसून होते आणि खुर्च्या टेम्पोत कशा चढवायच्या हे हमालांना सांगत होते, पण त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की हमालांना तो ऐकूच जात नव्हता. मला ते बघवलं नाही. मी उगाचच हमालांवर ओरडलो.

पुढे पाय गेले. गेले म्हणजे होते, पण ऐकेनात. दाराशी आले की उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटायचे. ताई म्हणायची, "उचला, उजवा उचला," आणि ते उंबरठ्याकडे बघत राहायचे. चेहरासुद्धा हलेनासा झाला. ज्या माणसाचं तोंड कधी बंद नसायचं, त्याला हसू आलंय की रडू हे विचारून घ्यावं लागायचं.

अशात एका सकाळी मी औषधं द्यायला गेलो तर भाऊजी गॅलरीत सायकलचं हॅन्डल धरून उभे. मला म्हणाले, "खाली घे. मला बसव. सीट धर." मी म्हटलं, "भाऊजी, भलतंच काय?" ते म्हणाले, "चहा झाल्यावर तुझी ताई अंघोळीला जाईल." म्हणजे बेत ठरलेला होता. आता याला मी काय म्हणणार? त्यांना जिन्यावरून उतरवताना माझा घाम निघाला. सायकलवर बसवताना दोघंही पडता पडता राहिलो. मग मी सीट धरून ढकललं, चार पावलं, सहा पावलं, आणि त्यांचे पाय फिरायला लागले.

नुसते फिरले नाहीत, गोल, सारखे, न अडखळता फिरले. उंबरठा ओलांडायला ज्याला दोन माणसं लागत होती, तो गल्लीच्या टोकापर्यंत सायकल चालवत गेला. मी मागे तोंड उघडं टाकून उभा. तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून बारीक हाक आली, "अरे, आता उतरवायला ये!" उतरणं त्यांना जमणार नव्हतं, आणि ते आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. असा पळालो मी त्या दिवशी, की पोट पुढे आणि मी मागे.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "होतं असं. पाय चालणं विसरतात, पण काहींचे पेडल मारणं विसरत नाहीत. जमतंय तोवर चालवू दे. पण रहदारीत नको, आणि एकटे नको." ताईनं औषधांची चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली. घरी आल्यावर मला म्हणाली, "तुम्हाला दोघांना काय करायचं ते करा. मी बघायला येणार नाही. पडले तर उचलायचं मलाच आहे, ते मी घरी उचलीन." तिचं काय चुकलं? दिवसातून कितीदा ती त्यांना सावरत होती हे तिचं तिलाच माहीत.

गावाबाहेर पाणीपुरवठ्याच्या टाक्या आहेत. त्यांच्याभोवती डांबरी रस्ता आहे, सपाट, आणि फाटकाच्या आत असल्यामुळे गाड्या नाहीत. सकाळी काही सायकलवाले तिथे फेऱ्या मारतात. दुकान उघडायच्या आधी मी भाऊजींना तिथे न्यायचो. रेसच्या बुटांची पकड पेडलला बसते आणि टाच वळवल्याशिवाय सुटत नाही. टाच वळवणं आता होणार नव्हतं, म्हणून मी साधी पेडलं बसवली. भाऊजी ती बघून म्हणाले, "सूट घालून पायात रबरी चपला." पण बसले. मी ढकलायचो आणि वेग आला की ते म्हणायचे, "सोड!" दिवसभरात एवढा एकच शब्द ते मोठ्यानं बोलत. टाक्यांना फेरी मारून आले की लांबून म्हणायचे, "आलो!" आणि मी हात पसरून उभा राहायचो, अंगावर घ्यायचो. कधी कधी मी हात पसरलेले असताना ते माझ्याकडे न बघता पुढे निघून जायचे, आणखी एका फेरीला. थांबलं की पुन्हा आजारी व्हायचं होतं ना.

तिथलाच एक तरणा सायकलवाला एकदा जाता जाता ओरडला, "काका, एवढी भारी सायकल आणि हा वेग?" मी त्याला त्याच्या बापाची आठवण करून द्यायला तोंड उघडलं होतं. पण भाऊजी माझ्या खांद्यावर रेलून म्हणाले, "राहू दे. मी त्याच्या जागी असतो तर मीपण हसलो असतो."

मी समजूत घालायला म्हटलं, "वेगात काय आहे हो, भाऊजी. चालवता येतंय हे महत्त्वाचं."

"खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. "वेगाला किंमत नाही असं तोच म्हणतो, ज्याला तो कधी मिळाला नाही. मला हवाय वेग. रोज स्वप्नात पडतो." मग बराच वेळ दम घेऊन म्हणाले, "पण आता सायकल उभी राहील एवढाच वेग मागतो. त्याच्या खाली गेलो की ती आडवी होते. तेवढा राहू दे बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सलूनमधली उरलेली चिकटपट्टी आणायला लावली आणि वेगाच्या यंत्रावर चिकटवायला सांगितली. आकडा दिसला की मान खाली जाते म्हणाले, आणि मान खाली गेली की तोल जातो. त्यानंतर यंत्राला विचारणं बंद झालं. फेरी संपली की ते बोटानं स्वतःचा गाल चाचपून बघायचे, ओला आहे का. सुरुवातीला थोडा असायचा. मग नसायचा.

तेवढा वेग राहिला नाही. मला आधी सहा पावलं पळावं लागायचं, मग फाटकापासून दिव्याच्या खांबापर्यंत, मग त्याच्याही पुढे. पुढचं चाक डावी-उजवीकडे जायला लागलं. एके दिवशी "सोड" म्हणाले, मी सोडलं, आणि सायकल आडवी झाली. बाजूला गवत होतं म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं.

ताईनं कोपर बघितलं आणि सरळ माझ्या दुकानात आली. "मजबूत कुलूप दे एक." मी दिलं. तिनं सायकल गॅलरीच्या गजाला बांधली आणि किल्ली आपल्याजवळ ठेवली. आता, मी किल्ल्या करून पोट भरतो. तसल्या कुलपाची दुसरी किल्ली करायला मला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. हे ताईला माहीत होतं आणि भाऊजींनाही. मी गेलो की ते काही मागायचे नाहीत. नुसते माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत बसायचे. आठवडाभर मी ते सहन केलं. मग ताईला स्वयंपाकघरात गाठलं.

"किल्ली मी केली नाही," मी म्हटलं, "आणि करणारही नाही. पण तू त्यांना एकदाही सायकलवर बघितलेलं नाहीस. जमिनीवर आपण बघतो ते वेगळे. एकदा ये. मग कायमचं कुलूप लाव."

ताई भांडी घासत होती. घासून झालेलं एकच पातेलं तिनं पुन्हा पुन्हा घासलं. मग म्हणाली, "शेवटचं. आणि एका बाजूनं मी धरणार."

सकाळी आम्ही तिघं फाटकाशी पोचलो. भाऊजींना बसवलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ताई. ते म्हणाले, "पट्टी काढ." ताईनं विचारलं, "कसली पट्टी?" मी यंत्रावरची पट्टी सोलून काढली. खाली काच चिकट झाली होती, ती मी बाहीनं पुसली. आज त्यांना आकडा बघायचा होता.

आम्ही ढकलायला लागलो. मला वाटलं होतं की पहिल्यासारखं होईल, चार पावलांत पाय सुटतील आणि ताई बघेल. पाय फिरले, पण नुसतेच, पेडलला त्यांचा रेटा लागत नव्हता. जोर आमच्या दोघांचा होता. खांबाजवळ ते म्हणाले, "सोड." मी सोडलं नाही. ताईनं माझ्याकडे बघितलं. ते पुन्हा म्हणाले, "सोड." मी हात काढला, आणि त्यांचं सगळं अंग ताईच्या खांद्यावर आलं. मी झटकन पुन्हा धरलं. 

तसेच चालत आम्ही टाक्यांना पूर्ण वळसा घातला. मी धापा टाकत होतो. ताईचा हात त्यांच्या पाठीवर पालथा टेकलेला होता आणि ती पुटपुटत होती, "उजवा, डावा, उजवा," उंबरठ्याशी म्हणायची तसं. तिला ते बघायचं होतं, जे मी इतके दिवस बघत होतो, आणि मी तिला ते दाखवू शकलो नाही. हे मला अजून लागतं.

फाटकाशी येता येता भाऊजींनी यंत्राकडे बघितलं. ओठ हलले. ताई वाकली, "काय म्हणता?"

"चार."

"म्हणजे किती?" तिनं मला विचारलं.

मला खोटं सुचलं नाही. "माणूस चालतो तेवढं," मी म्हटलं.

आम्ही थांबलो. आकडा तीन झाला, मग शून्य. मी भाऊजींना अंगावर घेतलं, तेव्हा त्यांचा गाल माझ्या गालाला लागला आणि तो ओला होता. मी त्यांना सरळ उभं केलं. चेहरा होता तसाच, काही न सांगणारा, पण दोन्ही डोळ्यांतून पाणी खाली येत होतं. हात वर नेऊन चाचपून बघायची ताकद त्यांच्यात नव्हती.

ताईनं आपल्या तळव्यानं त्यांचा एक गाल पुसला, मग दुसरा. मग माझ्याकडे वळून, त्यांनाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "बघ कसं पाणी आलंय डोळ्यांना. वारा लागला ना."

टाक्यांपलीकडच्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "वारा फार होता."