बाप्पाकडे मी कुत्रा मागितला होता

देवावर रागावण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण मी रागावले होते, आणि चांगलीच रागावले होते. सकाळी आंघोळ झाली की देव्हाऱ्यापाशी जायचं, दिवा लावायचा, पण हात जोडायचे नाहीत आणि मूर्तीकडे बघायचंही नाही, असं माझं चाललं होतं. दिवा तरी का लावायचा, तर सासूबाईंनी घालून दिलेला नेम, तो मोडायची माझी छाती नव्हती. बाकी बोलणं बंद. कारणही तसंच होतं. आमच्या ह्यांनी प्रभादेवीच्या गणपतीला चालत्या टॅक्सीतून नमस्कार केला आणि टॅक्सी पुढच्या टेम्पोवर नेऊन घातली. दारू पिऊन कुणी गाडी ठोकली तर समजू शकते मी. पण देवाला हात जोडताना अपघात होतो, म्हणजे काय म्हणायचं? मग हात जोडायचे तरी कशाला?

मला राग गाडीचा नव्हता, हे आधी सांगते. हे पूर्वी लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे माग चालवायचे. मग संप झाला. बाकीच्यांसाठी तो कधी मिटला, कसा मिटला ते लोक सांगतात. आमच्यासाठी तो मिटलाच नाही, कारण ह्यांना परत आत घेतलंच नाही. गिरणी बंद झाल्याचं दुःख मी गिळलं. घरी डबे करून द्यायला लागले, हातपाय हलवले, चूल पेटती राहिली. पण ह्यांचं बोलणं बंद झालं, ते मला सहन होईना. चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकून बसायचे आणि समोर बघत राहायचे. वाढू का, तर मान हलवायची. ताप आलाय का, तर मान हलवायची. भजनात ज्याचा आवाज खालच्या नाक्यापर्यंत जायचा, तो हा माणूस! किती दिवस मी एकटीच बोलायची आणि एकटीच उत्तर द्यायची. शेजारणी हसायच्या. मीही हसायची, मोरीत जाऊन रडायची.

त्यातून ह्यांना बाहेर काढलं ते बाळाने. बाळा माझा मावसभाऊ, विम्याची एजंटगिरी करायचा. बडबड्या, खटपट्या, पण मनाने लाख. त्याने पाठीमागे लागून ह्यांना गाडी शिकायला घातलं, टॅक्सीचा बिल्ला काढून दिला, आणि एक जुनी काळी-पिवळी फियाट कुणाकडून तरी मिळवून दिली. विमाही त्यानेच उतरवला. आणि काय सांगू, त्या टॅक्सीबरोबर ह्यांचा आवाज परत आला! संध्याकाळी घरी आले की चहाचा कप हातात धरून दिवसभराची सवारी न् सवारी सांगायचे. एकदा एका कोळणीच्या टोपलीतले खेकडे गाडीत सुटले आणि मागे बसलेली ती आणि पुढे बसलेले हे, दोघेही पाय वर घेऊन दादरपर्यंत आले. ही गोष्ट त्यांनी मला निदान दहादा ऐकवली असेल, आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसले.

तर त्या मंगळवारी सकाळी हे दादरला सवारी सोडून वरळीकडे निघाले होते. गाडी रिकामी होती, हे एक नशीब. देवळासमोरून जाताना रोज एक हात छातीला लावायचा आणि मंगळवारी दोन्ही हात जोडायचे, असा ह्यांचा रिवाज. त्यात डोळेही मिटले. उघडले तोवर समोर भाजीचा टेम्पो उभा. भुवईवर टाके पडले, छातीला मुका मार लागला, आणि टॅक्सीचं नाक पार आत गेलं. टेम्पोवाल्याला काही झालं नाही. घरी आणलं तेव्हा हे सरळ गॅलरीत गेले आणि त्याच स्टुलावर बसले. मी विचारलं, दुखतंय का? ह्यांनी मान हलवली. गाडी सुधारेल, नाही तर भंगारात जाईल, पण हा माणूस पुन्हा मुका झाला तर त्याला मी कुठून सोडवून आणू?

बाळा धावत आला. म्हणाला, "ताई, अजिबात घाबरू नको. कंपनीचा सर्वेअर येईल, गाडी बघेल, कसं झालं विचारेल. भावोजींनी फक्त एवढंच सांगायचं, कुत्रा आडवा आला."

"कुठला कुत्रा?"

"कुठलाही गं! सगळे कुत्राच सांगतात. नमस्काराचं नाव काढलं तर स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केल्यासारखं होईल. मग क्लेम गेला."

तेवढ्यात गॅलरीतून ह्यांचा आवाज आला. अपघातानंतरचं पहिलं वाक्य. "हात देवाक जोडलंय, आणि नाव कुत्र्याचा सांगू? माका जमाचा नाय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, अहो, त्या मुक्या जनावराला काय फरक पडणार आहे? नाव तरी आहे का त्याला? गाडी नाही सुटली तर परत स्टुलावर बसायचंय का जन्मभर? खूप बोलले. हे तोंड फिरवून बसले. बाळा मला हळूच म्हणाला, "सर्वेअर येईल तेव्हा तूही चल, तूच भावोजींना सांभाळून घे."

टॅक्सी लालबागच्या एका गॅरेजमध्ये ओढून आणून ठेवली होती. सर्वेअरने बघितल्याशिवाय मिस्त्री हातोडी लावणार नव्हता. आम्ही चालत निघालो. हे पुढे, मी मागे. आणि त्या रस्त्यात मी बाप्पाशी धरलेला अबोला मोडला. मोडला तो कशासाठी, तर म्हटलं, "देवा म्हाराजा, तुझ्यापायी झाला ता झाला. आता ह्यांच्या तोंडातून एकदा कुत्रो येवंदे. एकदाच. मग मी परत काय मागूचय नाय." देवाकडे खोटं बोलण्यासाठी मदत मागतोय, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मी अगदी मनापासून मागत होते.

सर्वेअर आला तो कडक उन्हात छत्री घेऊन. जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर आठ्या. आम्ही नमस्कार केला तो त्याने बघितलाही नाही. गाडीभोवती फिरला, खाली वाकला, गुडघे टेकून चाकांच्या मागे डोकावला. बाळाने सुरुवात केली, "साहेब, झालं असं की एक कुत्रा..."

"तुम्ही होतात गाडीत?"

"नाही साहेब."

"मग गप्प बसा." आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही सांगा."

हे गप्प. मिस्त्रीचं काम थांबलेलं, सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघतायत. मी हळूच म्हटलं, "सांगा ना हो." मनात माझा एकच जप चालला होता, कुत्रो, कुत्रो, कुत्रो. ह्यांनी एकदा टॅक्सीच्या चेपलेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि बोलायला लागले. "साहेब, मी साच्यावर होतो. आमच्या खात्यात भिंतीवर गणपतीची तसबीर होती. साच्यातला धोटा धागा घेऊन इकडून तिकडे पळत असायचा आणि मी हात जोडायचो. साचा आहे तिथेच राहतो, साहेब, तो कुठे जाणार? धागा तुटला तर फार तर थांबेल. इतकी वर्षं तीच सवय. गाडी पुढे जाते, हे मी त्या क्षणी विसरलो. डोळे पण मिटले. कोणी आडवं आलं नाही. टेम्पो उभाच होता. चूक माझी आहे." एवढ्यावर थांबतील तर कसले! मग गिरणी निघाली, संप निघाला, गाडी कशी शिकले ते निघालं. ऐकता ऐकता माझा जप कधी सुटला, मला कळलं नाही. क्लेम बुडाला हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी आतून काहीतरी हलकं होत होतं, कारण हा माणूस बोलत होता.

सर्वेअरने सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "टेम्पोवाल्याला मी आधीच भेटून आलोय. तो म्हणाला, आरशात बघितलं तर टॅक्सीवाल्याचे दोन्ही हात जोडलेले. त्याला वाटलं, त्याच्याच पाया पडताय." मिस्त्री फिसकन हसला. सर्वेअर मात्र हसला नाही. "या कुत्र्यांनी माझा जीव खाल्लाय. जो तो कुत्रा सांगतो. तुम्ही म्हणाला असतात ना, तर ही छत्री उचलून सरळ निघून गेलो असतो."

बाळा छताकडे बघायला लागला. हे म्हणाले, "पण साहेब, चूक तर माझीच ना?"

"मुद्दाम ठोकलीत का?"

"नाही साहेब."

"झालं तर मग. माणसाच्या हातून चुका होतात म्हणून तर विमा काढतात."

गाडीचं काम सुरू झालं. बॉनेट ठोकून सरळ केलं, नवा रेडिएटर आला, जाळी आली, रंग लागला. हे रोज जाऊन बसायचे, मिस्त्रीला चहा आणून द्यायचे, पण स्टीअरिंगला हात लावत नव्हते. गाडी तयार झाली तशी बाळाला म्हणाले, दुसऱ्या कुणाला चालवायला दे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, माझ्या हातांवर माझा भरवसा राहिला नाही. आणि परत स्टूल. त्या संध्याकाळी मी देव्हाऱ्यासमोर बसले. काय मागावं ते मला सुचेना. कुत्रा मागून झाला होता, आणि तो न मिळाल्यामुळेच आम्ही वाचलो होतो. मग आता मी काय सांगणार देवाला, हे दे आणि ते दे म्हणून? फक्त म्हटलं, बाप्पा, गाडी झाली. हे बसत नाहीत. मला काही कळत नाही. एवढंच बोलले आणि बसून राहिले.

पुढे सर्वेअर पुन्हा आला. नवे भाग खरोखर बसवले का ते बघायला यावं लागतं त्यांना. मी डबे पोचवून गॅरेजपाशी थांबले होते. त्याने बॉनेट उघडून बघितलं, ब्रेक दाबून बघितले, मान हलवली. आम्हाला वाटलं आता जाईल. तर छत्री मिटून त्याने मागचं दार उघडलं आणि चक्क आत बसला. "चला, हिंदमाताला सोडा. बायकोची साडी बदलून आणायचीय. दुकान बंद झालं तर घरी माझी खैर नाही."

हे जागेवरच उभे. "साहेब, दुसरी टॅक्सी करून देतो."

"का? ब्रेक आत्ताच बघितलेत मी."

"ब्रेकचं नाही साहेब. माझंच..."

"तुमचंही सगळं ठाऊक आहे मला. तुम्हीच सांगितलंत. बसा."

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग दार उघडलं, बसले, मीटर पाडला. गाडी सुरू व्हायला जरा वेळ लागला. मग ती गॅरेजबाहेर पडली, रस्त्याला लागली आणि वळली. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. डोळे भरून आले होते, हात जोडायचंही सुचलं नाही. ज्या माणसाला ह्यांची चूक सगळ्यात जास्त ठाऊक होती, तोच ह्यांच्या भरवशावर पाठीमागे जाऊन बसला होता. ही बुद्धी त्याला कुणी दिली, मला माहीत आहे असं मी म्हणणार नाही. तो माणूस आम्हाला पुन्हा कधी भेटला नाही. मी देवाला कुत्रा मागत होते, कारण मला तेवढंच सुचत होतं. मला खरं काय हवं होतं, ते बाप्पाला माझ्यापेक्षा चांगलं कळलं. तेव्हापासून मी त्याला काय द्यायचं ते शिकवत नाही. काय झालं तेवढं सांगते, आणि माझ्या कामाला लागते.

दिवेलागणीला जिन्यातूनच ह्यांचा आवाज आला. "अगो, आयकलंस काय! अगो!" सगळ्या चाळीने ऐकलं. चपला काढायच्या आधीच सांगायला सुरुवात. सर्वेअरला खरंच साडी बदलायची होती, दुकानदार ऐकेना, मग ह्यांनाच आत बोलावून रंग पसंत करायला लावला, आणि ह्यांनी दाखवलेला मोरपंखी रंग साहेबांना पटला. मग हिंदमाताहून एक सवारी गिरगावची मिळाली, गिरगावहून एक परळची. सांगत होते, हातवारे करत होते, मधेच हसत होते. ताट वाढलेलं, भात निवत चाललेला. एरवी मी ओरडले असते, आधी जेवा म्हणून. त्या दिवशी नाही ओरडले. म्हटलं, बाप्पा, बोलू दे. बोलू दे ह्यांना.