मुठीतलं मीठ

गेली चार वर्षं मी टीव्हीवर एकच काम करते. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या पोह्यांत मूठभर मीठ टाकते. पाहुणे ठसकतात, पाणी पाणी करतात, पळून जातात. मुलगी माझ्यापाशीच राहते, मी पदराआड हसते आणि भाग संपतो. विनोदी मालिकेतल्या आईला एवढं काम मिळालं तरी खूप झालं.

चित्रीकरण नाशकातच, गावाबाहेरच्या एका बंगल्यात होतं. घर सातपूरला. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी बाजारात लोकांच्या तावडीत सापडते. भाजीवाली मेथीची जुडी हातात देता देता झापते, "आता तरी होऊ दे की बाई पोरीचं!" कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिठाची पुडी मागितली की तो डोळे मिचकावतो, "आज कोणाचा नंबर, ताई?" अहो, मी माणूस आहे, मला आमटीत मीठ लागतं! पण ऐकतंय कोण.

बरं, ते मीठ नसतंच. पिठीसाखर असते. एकेका दृश्याचे दहा-दहा टेक होतात, समोरच्या कलाकारांनी किती मीठ खायचं? सेटवरचे पोहे मी स्वतः परतते, हौस म्हणा हवं तर. त्यात मीठ घालतच नाही, कारण वरून साखर पडायची असते. मूठ मात्र गच्च भरायची, कॅमेऱ्यात दिसायला हवी ना.

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर माझ्या स्वतःच्या पोरीनं एक मुलगा पसंत केला. तिच्याच कारखान्यात इंजिनियर. मुलगा गुणी, पोरगी ठाम. घोडं अडलं होतं त्याच्या आईपाशी. त्यांचा घोटीला तांदळाचा धंदा. बाई माझी मालिका एक दिवस चुकवत नाहीत, आणि त्यांनी लेकाला बजावून ठेवलं होतं, "ती बाई पोरगी नांदू देणार नाय. बघायला येते मी, पण मन नाय भरलं तर विषय संपला."

घरात आम्ही दोघीच. तिचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले. रविवारी पाहुणे यायच्या आधी तिनं मला स्वयंपाकघरात गाठून दम दिला. "आई, डोळे मोठे करायचे नाहीत. पदराआड हसायचं नाही. आणि वाक्य टाकून थांबायचं नाही. इथं मागून कोणी हशा भरणार नाहीये."

"मी कधी थांबते?" असं म्हणाले आणि थांबले.

"हे बघ! आत्ता काय केलंस?"

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी माझ्या हातचे पोहे पुढं ठेवले, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. कोणी चमचा उचलेना. मामा बशीकडे असे बघत होते, जणू आत विंचू आहे. "आमचं खाणं झालंय," मुलाची आई म्हणाली. मुलगा बिचारा घास घ्यायला गेला तर तिनं त्याचं मनगटच धरलं. माझ्या पोरीचा चेहरा एवढासा झाला.

मला असा संताप आला म्हणून सांगू! चार वर्षं जगाला हसवलं, त्याचं हे फळ? "द्या इकडं," म्हणत मी त्या बाईंची बशी ओढून घेतली आणि भलामोठा घास तोंडात कोंबला. चावला. आणि थांबले. या वेळी हशासाठी नाही.

पोह्यांत मीठच नव्हतं. कणभरसुद्धा! मेली हाताची सवय.

माझं तोंड बघून मामा अर्धे उठले. "काय झालं?"

"मीठ..."

"बघ, म्हणले नव्हते मी!" बाई लेकाला म्हणाल्या.

"...घालायचं राहिलं."

बाईंनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. शेजारच्या बशीतून चिमूटभर पोहे उचलून तोंडात टाकले. आणि पोट धरून हसायलाच लागल्या. "अगं बया! यांना तर पोरगी द्यायची लय घाई झालीय, मीठ टाकायलासुद्धा दम नाय! जा ताई, आणा मीठ. मग बोलू पुढचं."

मी आत आले. डबा उघडला. बाहेर सगळे हसत होते, त्यात माझी पोरगी सगळ्यांत मोठ्यानं, बापासारखी खो खो. आणि माझा हात डब्यात गेला तो मूठ भरूनच वर आला. खरं सांगते, त्या क्षणी मला टाकावंसं वाटलं. सगळ्यांच्या बशांत. ही गेल्यावर या घरात मी कोणावर खेकसू? मालिकेतली ती आई, चार वर्षं जिला खुळी समजून रंगवली, ती खुळी नव्हती हो. ती घाबरली होती.

"आई."

पोरगी दारात उभी होती. माझ्या मुठीकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"चिमूटभर पुरे," ती म्हणाली.

मी मूठ डब्यात सोडली. थोडं मीठ वाटीत घेतलं आणि बाहेर जाऊन एकेकाच्या बशीत चिमटीनं, नीट बघून घातलं.