काळ्या सुताराचं झाड

मोठ्या बाईंनी माझा रजेचा अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पक्षी बघायला? अंदमानला?"

"हो."

"लग्नाबिग्नाचं काही असेल तर सांगा. लगेच देते रजा."

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. नगरच्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि दादा-वहिनींकडे राहायचे. बाहत्तरचा दुष्काळ पडायच्या आधीचा तो उन्हाळा. सुट्टी लागायला आठ दिवस होते आणि मद्रासहून बोट त्याआधीच सुटणार होती, म्हणून हा अर्ज. माझे सगळे पेपर तपासून झाले होते, निकालपत्रकं लिहून तयार होती. आमचे गणिताचे सर क्रिकेटची मॅच बघायला चार-चार दिवस मुंबईला जात, तेव्हा त्यांना कुणी लग्नाचं विचारत नसे. मी हे मोठ्या बाईंना बोलून दाखवलं. त्यांनी रजा दिली, पण बिनपगारी.

शाळेचे शिपाईमामा सुप्याच्या बाजूचे. अर्ज कपाटात ठेवताना ते हळूच म्हणाले, "बाई, पाखरं बघाया समिंदराच्या पल्याड जायाचं? आमच्या माळावर काय कमी हायेत व्हय?"

त्यांचं बोलणं मला लागलं नाही, कारण ते खरंच होतं. दर रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी त्यांच्याच माळावर जात होते. चंडोल, तित्तर, धाविक, सगळे तिथेच ओळखायला शिकले. पण अंदमानचे काही पक्षी फक्त त्या बेटांवरच आहेत. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही सापडायचे नाहीत. पुस्तकात त्यांची वर्णनं वाचून वाचून मला ते पाठ झाले होते. त्यातही काळा सुतार. कावळ्याएवढा, चोचीपासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट, आणि नराच्या डोक्यावर लालभडक तुरा. एकदा तरी तो बघायचाच, असं मी ठरवून टाकलं होतं.

सहल पुण्याचे एक प्राध्यापक काढत होते. पक्ष्यांवरचे त्यांचे लेख मी वर्षानुवर्षं कापून ठेवले होते. आम्ही सगळे मिळून सात जण. बायका दोनच, मी आणि पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई. नगरहून दौंड, दौंडहून मद्रास, आणि मग चार दिवस बोट. दोन दिवस मी आडवीच होते, पोटात पाणी ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी डेकवर आले तर प्राध्यापक सगळ्यांना यादी वाटत होते. बेटांवरच्या खास पक्ष्यांची नावं आणि प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन.

"सहा दिवसांत हे सगळे चौकोन भरले पाहिजेत," ते म्हणाले.

पोर्ट ब्लेअरहून ट्रकनं आम्ही दक्षिणेकडच्या एका लाकूडतोडीच्या कॅम्पवर गेलो. ठेकेदाराच्या माणसानं दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या. जंगल बघून मी हरखले. नगरकडच्या माणसाला झाड म्हणजे बाभूळ नाहीतर निंब. इथे गर्जनची खोडं सरळ आभाळात गेलेली. मान मोडली तरी शेंडा दिसत नव्हता.

पण प्राध्यापक कुठे थांबतच नसत. पक्षी दिसला की चौकोनात खूण, की पुढे चला. एकदा मी एका राव पोपटापाशी जरा रेंगाळले. तो फळ पायात धरून सोलत होता. ते मागे वळून म्हणाले, "बाई, त्याची खूण झाली ना? मग?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी आणखी एक फर्मान काढलं. बायकांनी संध्याकाळी लवकर परतून चहा-जेवणाचं बघावं, म्हणजे पुरुषांना उजेड असेपर्यंत फिरता येईल. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं, "मी आजवर दीड-दोन हजार बाळंतपणं केली. चहा तेवढा नाही केला." त्या दिवसापासून चहा कॅम्पचा आचारीच करू लागला.

चार दिवस गेले, काळा सुतार दिसेना. पाचव्या दिवशी पहाटे मी मंडळींबरोबर गेलेच नाही. कॅम्पवर रांचीकडून आलेले एक प्रौढ मजूर होते, वीस वर्षं त्याच जंगलात राबलेले. मी त्यांनाही मामाच म्हणायचे. त्यांना मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. ते हसले आणि हिंदीत म्हणाले, "ये तो जोड़ा है। चलिए।"

तासभर चाललो. ओढ्यापलीकडे एक गर्जन उभ्या-उभ्या वाळलेला होता. आम्ही खाली बसलो. आधी आवाज आला. लाकडावर कुणी हातोडीनं ठोकावं तसा, आणि तो ठोका अख्ख्या रानात घुमला. मग तो खोडाच्या मागून फिरून पुढे आला. लाल तुरा उन्हात आला आणि मी दुर्बीण डोळ्यांना लावली. थोड्या वेळानं मादीही आली. तिच्या डोक्यावर फक्त मागच्या बाजूला लाल ठिपका. दोघं एकाच खोडावर वर-खाली करत होते. एकानं साल उपटली की दुसरा जवळ सरकायचा. मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. रडू आलं हे मात्र आठवतं. शेजारचे मामा दुसरीकडे बघत बसले, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

यानंतर मी जे केलं, त्याबद्दल मला आजही स्वतःचाच राग येतो. मी पळत कॅम्पवर आले आणि नुकत्याच परतलेल्या प्राध्यापकांना सगळं सांगून टाकलं. ओढा, झाड, वेळ, सगळं. आपला आनंद वाटून घ्यावा असं वाटलं, दुसरं काय?

"शाब्बास!" ते म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारायचीच काय ती बाकी होती.

दुपारी मी आणि डॉक्टरीणबाई कपडे धूत होतो. ओढ्याच्या दिशेनं बार ऐकू आला. एकच. मी हातातली साडी तशीच टाकून धावले. वाटेतच मंडळी परत येताना दिसली. ठेकेदाराच्या माणसाकडून मागून नेलेली बंदूक एकाच्या खांद्यावर होती आणि प्राध्यापकांच्या हातात रुमालावर तो होता. तुरा तसाच लाल. मान मात्र लोंबत होती.

"हे काय केलंत?"

"नमुना घेतला. संग्रहासाठी. नराचा इतका चांगला नमुना आपल्याकडे कुठेच नाही."

"मी तुम्हाला बघायला पाठवलं होतं."

"शास्त्र नुसतं बघून चालत नाही, बाई."

"परवाना आहे तुमच्याकडे? दाखवा."

"आहे. पुण्याला आहे."

"पुण्यातला परवाना इथल्या झाडावर चालतो?"

बाकीचे पुरुष जमिनीकडे बघत होते. एक जण मला म्हणाला, "ताई, एका पक्ष्यानं काय होतं?" त्याला काय सांगणार? ज्याच्यासाठी हजार कोसांवरून आलो, उलट्या करत चार दिवस बोटीतून आलो, तो मिळाल्यावर मारायचा, ही कुठली आवड? मी तसंच ओरडून विचारलं. घरी, शाळेत, कधीही मी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. प्राध्यापक फक्त म्हणाले, "उन्हाचा त्रास होतोय तुम्हाला," आणि पुढे निघून गेले. त्या शब्दांची चीड मला बंदुकीच्या बाराइतकीच आली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या झाडापाशी गेले. मादी होती. ती खोडाला एका बाजूनं प्रदक्षिणा घालायची, ओरडायची, थांबायची, पुन्हा ओरडायची. मामा माझ्या आधीच येऊन लांब उभे होते. मी त्यांना हात जोडले, कारण झाड त्यांनी मला दाखवलं होतं आणि मी ते दुसऱ्याला सांगितलं होतं. ते वळले आणि कॅम्पच्या वाटेला लागले. चार शब्द रागानं बोलले असते तरी बरं वाटलं असतं.

परतीच्या बोटीत ग्रुप फोटो काढला. मी आणि डॉक्टरीणबाई त्यात नाही.

पुढच्या वर्षी, दुष्काळ ऐन भरात असताना, प्राध्यापक नगरला व्याख्यानाला आले. अंदमानच्या दुर्मिळ पक्ष्यांवर. शाळेनं वरच्या वर्गांतल्या मुलींना पाठवलं, मला त्यांच्याबरोबर जावं लागलं. पडद्यावर एकामागून एक स्लाइड येत होत्या. मग काळा सुतार आला. पांढऱ्या कापसावर, पायाला चिठ्ठी बांधलेला.

"हा पक्षी आता फार थोडा उरलाय," ते हळहळून सांगत होते. "मोठ्या परिश्रमांनी मी तो शोधून काढला."

मी उभी राहिले.

"सर, थोडे उरलेत ना? मग त्यातला एक तुम्ही का मारलात?"

सभागृहात कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ, बाई. बसा."

"मी बसते. पण त्याची मादी दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर ओरडत होती, तेवढं मुलींना सांगा. आणि झाड शोधलं ते कॅम्पवरच्या एका मजुरानं, तुम्ही नाही."

मग मात्र कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतली माझी एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "सांगा ना सर!" तिला गप्प केलं गेलं. प्राध्यापकांनी पुढची स्लाइड लावली.

आठ दिवसांनी शाळेकडून मला पत्र आलं: निमंत्रित पाहुण्यांचा अवमान केल्याबद्दल खुलासा द्यावा. मी खुलासा दिला, चार पानी, त्यात बंदुकीपासून कापसापर्यंत सगळं. डॉक्टरीणबाईंनी पुण्याहून साक्षीचं पत्र पाठवलं. मोठ्या बाईंनी दोन्ही वाचलं आणि कागद टाचून ठेवले. "माफी मागा, म्हणजे विषय संपेल," त्या म्हणाल्या. मी मागितली नाही. त्या वर्षी माझी वेतनवाढ रोखली गेली. घरी दादा चिडला, "एका पाखरापायी?" वहिनी चुलीपाशी होती, ती आतून म्हणाली, "पाखरापायी नव्हे. खोटं ऐकून घेतलं नाही म्हणून."

प्राध्यापकांना मी तीन पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. त्यांचं काही बिघडलं नाही. पुढे त्यांचा सत्कारही झाला. ते पेपरात वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मात्र त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं मी शाळेच्या फाटकाशी उभी असताना एक जीप थांबली. आत दोन चांगल्या कपड्यांतले गृहस्थ, मागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबट. त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं.

"बाई, माळढोक कुठे बघायला मिळेल? तुम्हाला माहीत आहे म्हणतात."

मला माहीत होतं. दक्षिणेला श्रीगोंद्याच्या अंगाला, कुठल्या माळावर, कुठल्या नाल्यापाशी, सगळं. मी ताडपत्रीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"आहे ना," मी म्हणाले. "असं करा, उलट जा. शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागा. तिथे पोचलात की कुणालाही विचारा."

जीप धुरळा उडवत उत्तरेला गेली. आयुष्यात मी फारसं खोटं बोललेले नाही. पण ते बोलले, आणि त्या रात्री मला छान झोप लागली.