नातीचा मुक्काम चारठाण्याला

मुलांनो, तुमच्यापैकी थोरली गेल्या वर्षी चार आठवडे परभणीला राहून गेली. तिनं काढलेले फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले. त्यात मी फक्त दोन फोटोंत आहे. असं का झालं, ते लिहून ठेवते. थोरलीला वाटतं तिला सगळं ठाऊक आहे, पण तिला निम्मंच ठाऊक आहे.

तिच्या तिकडच्या कॉलेजनं सुटीतला एक अभ्यासक्रम ठेवला होता. विद्यार्थ्यांनी परदेशात जायचं, तिथली शेती पाहायची, शेतकरी बायकांशी बोलायचं आणि परतल्यावर निबंध लिहायचा. या खेपेचा परदेश म्हणजे आपली परभणी. फोनवर तिनं सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं.

"आजी, खरंच परभणी! कापूस आणि सोयाबीन!" ती ओरडून म्हणाली.

सहा वर्षांनी येणार होती. मी कॅलेंडरवर अठ्ठावीस चौकोनांना पेन्सिलीनं खुणा केल्या आणि कधी काय करायचं त्याची यादी केली. कासाराकडे नेऊन तिला हिरव्या बांगड्या भरायच्या, हे सगळ्यात वर लिहिलं होतं.

आल्यावर कळलं, की सगळ्या विद्यार्थ्यांनी एकत्रच राहायचं. कॉलेजनं त्यासाठी एक इमारत भाड्यानं घेतली होती. आपल्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. सुटी फक्त रविवारी, दोन ते पाच. मला याचं वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. मी बारा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. भेटीची वेळ संपल्यावर आलेल्या किती आयाबायांना मी फाटकावरून परत पाठवलं असेल, दशम्यांच्या गाठोड्यासकट. तेव्हा माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. फक्त त्या बायका परत एसटी स्टँडकडे जाताना काय बोलत असतील, हे मला गेल्या वर्षी पहिल्यांदा सुचलं.

पहिल्या रविवारी ती आली. धपाटं आणि दही खाल्लं, "आजी, पाच मिनिटं पडते" म्हणाली आणि झोपली ती पावणेपाचपर्यंत. मी शेजारी खुर्ची घेऊन बसले. उठवावंसं फार वाटलं. नाही उठवलं. जाताना म्हणाली, "तू मला उठवायचं ना!" आणि रिक्षात बसली.

माझी सगळी भिस्त तिसऱ्या आठवड्यावर होती. तो आठवडा प्रत्येकानं इथल्या एखाद्या कुटुंबात राहायचं होतं. मी पहिल्याच दिवशी फॉर्म भरून दिला. फॉर्मच्या खाली एक ओळ होती, की विद्यार्थ्याला नातेवाइकाच्या घरी ठेवलं जाणार नाही. ती मी वाचली नाही असं मी म्हणू शकत नाही. आयुष्यभर मुलींना नियम वाचून दाखवले. पण मला वाटलं, नातेवाईक म्हणजे मामा, मावशी, आत्या. आजी कशी नातेवाईक होईल?

चिठ्ठ्या टाकून घरं ठरली. थोरलीला चारठाण्याचं एक शेतकरी घर मिळालं. मला तिच्या वर्गातली एक उंच, अबोल, लाल केसांची मुलगी मिळाली. त्यांच्यासोबत आलेल्या मॅडमना मी फोन केला. त्या नम्रपणे म्हणाल्या, की तुमच्या नातीला आम्ही स्वतः विचारलं होतं, सवलत हवी का म्हणून. ती म्हणाली, नको, नियम सगळ्यांना सारखा.

मी फोन ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. नात माझ्यावर गेली होती, याचा आनंद व्हायला हवा होता.

लाल केसांच्या मुलीचं मी सगळं केलं. वेळेवर जेवण, बादलीभर गरम पाणी, मच्छरदाणी. ती ताट घासून ठेवायची आणि वहीत लिहायची. चौथ्या दिवशी तिनं इंग्रजीतून विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात का?" मी नाही म्हणाले. खोटं नव्हतं ते, पण नातीसाठी केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मी तोवर तिच्यासमोर उघडला नव्हता, हे खरं. त्या संध्याकाळी उघडला. तिनं तीन खाल्ले.

शेवटच्या रविवारी थोरली आली ती दोन्ही हात पुढे करून. मनगटापासून कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हिरव्या बांगड्या.

"आजी, बघ! लय दुखलं, पण आजीनं हात धरला होता."

"कोणत्या आजीनं?"

"चारठाण्याच्या."

छान आहेत, म्हणाले मी. उजेडात धरून बघितल्या. मापही नीट घेतलेलं होतं.

नंतरच्या गुरुवारी ती मंडळी बसनं हैदराबादला गेली. थोरलीनं खिडकीतून हात हलवला तेव्हा त्या बांगड्या तेवढ्या दिसल्या.

आता तिला ठाऊक नसलेलं निम्मं. तिच्या जाण्याला आठवडा झाला आणि एका सकाळी मी एसटीनं जिंतूरला गेले, तिथून चारठाण्याला. सोबत लाडवांचा डबा. कॉलेजनं दिलेल्या यादीत त्या घरचा नंबर होता, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं. त्या आजी फाट्यावर येऊन उभ्या होत्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. देवळाकडच्या रस्त्यानं आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला खाट दिली आणि स्वतः खाली बसल्या.

"एवढ्या शिकलेल्या बाई तुमी," त्या हसत म्हणाल्या, "आन् नातीला घरी ठिवून घेता आली न्हाई?"

"नियम होता हो."

"आमाला बरा पावला तुमचा नियम!"

मलाही हसू आलं. मग त्या सांगायला लागल्या.

"पयल्या दिशी पोटभर जेवलीच न्हाई. लाजली असंल. मी म्हणलं, हे बग, तू जेवल्याबिगर मी जेवायची न्हाई. मग दीड भाकर खाल्ली. अन् झोपंत पाय टाकती वो अंगावर! सून म्हणली, आत्या, तिला पलीकडं निजवू का? म्हणलं, राहू दे, लेकरू हाय."

झोपेत पाय टाकते, हे मला माहीत नव्हतं. लहान होती तेव्हा टाकत नसे.

"तण काढायचं कोळपं बघायला शेतात आली, तर माझीच काठी धरून चालायली. हसतंय सगळं गाव. पुन्यांदा कवा यायचीय ती?"

तुमची पुढची सुटी केव्हा, परीक्षा केव्हा, तिकिटं कोणत्या महिन्यात स्वस्त असतात, हे सगळं माझ्या वहीत आहे. तरी "माहीत नाही," म्हणाले.

त्यांनी चहा ठेवला. परतीच्या एसटीची वेळ मी सकाळीच लिहून आणली होती. सुनेनं दारातून हाक दिली, "आत्या, गाडी यायलीय, बाईला सोडायचं ना फाट्यावर?"

त्या उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरला.

"जाऊ द्या ती गाडी," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी काय खाल्लं तिनं?"