एक जूनची जुळी

"हॅलो, जुळा भाई बोल रहे हो क्या?" चहाच्या सुट्टीत असा फोन आला आणि मी हातातला कप खाली ठेवला. मला जुळा म्हणणारं माणूस जगात एकच. पण आवाज पुरुषाचा होता, सिंधी वळणाचा. "मैं उल्हासनगर कॅम्प एक से बोल रहा हूँ, झेरॉक्सवाला. मॅडम फॉर्म का प्रिंट निकालने आयी थी... स्टूल पे बैठी, फिर उठीच नहीं. इनके मोबाइल में पहिला नंबर आपका था." मी सुपरवायझरला सांगितलं, बहीण गेली. तो म्हणाला, "सख्खी?" मी म्हणालो, "जुळी." बघा, तेव्हासुद्धा तोंडातून खोटंच आलं. मंजू माझी जुळी बहीण नव्हती. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी होती, आणि हे सांगू शकणारं रक्ताचं माणूस आता मी एकटाच उरलोय.

लेखबिख लिहिणं माझं काम नाही. अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून काढला. पण या पुरवणीच्या संपादक बाई मंजूच्या जुन्या विद्यार्थिनी. त्या म्हणाल्या, "काका, मॅडमवर चार गोड आठवणी लिहून द्या." गोड कुठून आणू? आमची मंजू गोड नव्हती. फटकळ होती, जिभेला हाड नव्हतं, आणि मी तिच्याशी जे वागलो तेही गोड नाही. तेव्हा ज्यांना गोड वाचायचंय त्यांनी पान उलटावं.

आम्ही कुळगावचे, आगरी. घरी भातशेती. मी लहानपणी एक नंबरचा भित्रा. शाळेत बसवून बाबा निघाले की मी भोकाड पसरायचो, त्यांच्या मागे घरापर्यंत पळत यायचो. वर्षभर हा तमाशा चालला, त्यामुळे माझं नाव पटावर चढलंच नव्हतं. मंजू तेव्हा जेमतेम पाच वर्षांची, पण पोरगी कसली, वाघीण. ती म्हणाली, "मी बसतंय याच्या बाजूला." झालं, बाबा दोघांना घेऊन शाळेत गेले. गुरुजी म्हणाले, मुलगी लहान आहे, नाव घालता येणार नाही. बाबा ठोकून मोकळे, "गुरुजी, जुली हान ती दोघा." गुरुजींनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "अहो, मुलगा हातभर उंच आहे हिच्याहून." "तो उंचीला आयशीव गेलाय," बाबा म्हणाले. मी सात, ती पाच. गुरुजींनी मधलं सहा धरलं आणि दोघांच्या नावापुढे एक जून लिहून टाकलं. त्या काळी निम्मं गाव एक जूनलाच जन्मायचं, त्यात आणखी दोघं. तिचं एक वर्ष वाढलं, माझं एक कमी झालं, आणि माझं रडणं थांबलं.

ती माझा हात धरून शाळेत न्यायची. धाकटी बहीण थोरल्या भावाला! पोरं चिडवायची, मला लाज वाटायची, पण हात सोडवत नसे. गणितं तीच सोडवायची, मार तेवढा मी खायचो. घरात आमचं जुळं असणं ही कायमची थट्टा झाली. एक जूनला आई दोघांना एकाच ताटात शेवया वाढायची, आणि मंजू म्हणायची, "दादा, तू माझ्याहून पाच मिनिटांनी मोठा बरं का." पुढे कारखान्यात भरती निघाली तेव्हा वयाची अट होती. खऱ्या वयानं मी बाद झालो असतो. कागदावरच्या त्या कमी झालेल्या वर्षानं मला आत घेतलं. नोकरी, लग्न, बुवापाड्यातली खोली, नंतरचा फ्लॅट, सगळं त्याच्या जिवावर. पेढे घेऊन कुळगावला गेलो तर मंजू म्हणाली, "दादा, माझ्या नावानं पण एक खा. जुळं आहे ना आपलं."

ती शिकत गेली. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. आईबाबांचं दुखणंखुपणं काढत काढत एम. ए. केलं, चाळिशीत पीएच. डी. केली. उल्हासनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टीत ठणठण गोपाळ. तिचा विषय होता धवळे. आमच्याकडे लग्नात धवलारीण लागते. ही बाई मांडवात बसून धवळे गाते, एकेका विधीचं वेगळं गाणं, आणि ते सगळं तोंडपाठ, कागदावर काही नाही. वांगणीच्या बाजूला ठमाबाई म्हणून एक म्हातारी होती, आमच्या आईच्या लग्नात गायलेली. तिच्या पोटात किती गाणी होती ते तिलाच ठाऊक. मंजू रविवारी जायची, दोनचार गाणी उतरवून आणायची. म्हातारी म्हणायची, "कवा बसशील गो माझेपाशी नीट? मी मेल्याव?" नीट बसायला वेळ पाहिजे, वेळ पाहिजे तर तास सोडायला पाहिजेत, आणि तास सोडले तर खायचं काय?

म्हणून ती फेलोशिप. उशिरा संशोधनाला लागलेल्या बायकांसाठी होती, दोन वर्षांची. मंजू तिच्यामागे हात धुऊन लागली. असल्या अर्जांच्या भानगडी मला तेव्हा कळल्या. नुसतं हुशार असून भागत नाही. आराखडा पाहिजे, शिफारसपत्रं पाहिजेत, आणि 'ही बाई आमच्याकडे बसून संशोधन करील' असं लिहून देणारी संस्था पाहिजे. तासावरच्या बाईला असं कोण लिहून देतो? दोन महिने उंबरे झिजवून तिनं ते पत्र मिळवलं. आराखडा सतरा वेळा लिहिला. सगळं जुळलं, आणि मग तिनं वयाची अट वाचली. शेवटच्या तारखेला पन्नास पूर्ण झालेली नसावीत. शेवटची तारीख जूनच्या मध्यावर. कागदावरची मंजू एक जूनलाच पन्नाशीची झाली होती. खरी मंजू एकोणपन्नासची होती.

ती डगमगली नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीतून जन्माची नोंद काढून आणली. पण त्यात बाबांचं नाव, तारीख आणि पुढे नुसतंच 'मुलगी'. तेव्हा नावं कोण लिहायचं? फेलोशिपच्या ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या, सख्ख्या माणसाचं प्रतिज्ञापत्र जोडा की ही मुलगी म्हणजे तुम्हीच, मी तुमची केस समितीपुढे ठेवते. आईबाबा गेलेले. सख्खं माणूस मीच.

रविवार होता. बायको बोंबील तळत होती. मंजू आली ती टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊनच. "दादा, फुली केलीय तिथं सही कर." मी वाचलं. 'मी, काशिनाथ, मंजुळा हिचा थोरला भाऊ, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की आम्ही जुळी नसून ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे...' ती लहान ठरली की मी मोठा ठरतो. मी मोठा ठरलो की भरतीच्या वेळचं माझं वय खोटं ठरतं.

"माझी नोकरी घालवशील," मी म्हणालो.

"तुझ्या नोकरीला कोण विचारतंय? माझ्या फाईलला लागणार हा कागद."

"कागद फिरतात. कुणी खार खाऊन कारखान्यात नेऊन दिला तर? दहा वर्षं राहिलीत माझी. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"दादा, ठमाबाईला आता दिसत नाही. पुढच्या वर्षी ती असेल नसेल. आणि मला दुसरी कुठली फेलोशिप बसत नाही रे, सगळीकडे वय आडवं येतं. ही एकच आहे." तिनं कधी कुणापुढे पदर पसरला नव्हता. त्या दिवशी माझ्यापुढे पसरला.

इथं मी गप्प बसलो असतो, नुसतं नाही म्हणालो असतो, तरी चाललं असतं. पण मला राग आला होता. भित्र्या माणसाचा राग वाईट असतो. मी म्हणालो, "स्वतःचं लग्न जमलं नाही आणि लोकांच्या लग्नातली गाणी जमवत फिरतेस. कुणासाठी करतेस ही थेरं? मागे कोण रडणार आहे तुझ्या?"

बायकोनं गॅस बंद केला. मंजूनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, चपला घातल्या. दारातून म्हणाली, "बरं, काशिनाथ." जन्मात पहिल्यांदा नावानं हाक मारली. मी ओरडलो, "थोरल्या भावाला नावानं हाक मारतेस?" तर शांतपणे म्हणाली, "थोरला कुठला? जुळ्याला कुणी दादा म्हणतं का?" त्यानंतर ती मला कधीच दादा म्हणाली नाही.

अर्ज छाननीतच बाद झाला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, वय. ठमाबाई पुढच्या थंडीत गेली. मंजूनं उतरवलेल्या गाण्यांची एक दोनशे पानी वही होती, तीही अर्धीच भरलेली. मंजू मयतीला गेली होती, मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

तुम्हाला वाटेल, मग बोलणं तुटलं असेल. छे! तुटलं असतं तर सुटलो असतो. सुंभ जळला तरी तिचा पीळ जायचा नाही. दर एक जूनला सकाळी फोन. "हॅप्पी बर्थडे, जुळ्या. माझं वर्ष खायला आठ वर्षं आहेत अजून." पुढच्या वर्षी सात. मग सहा. तिचं एक वाढलं ते माझं कमी झालं, म्हणजे नोकरीतलं माझं शेवटचं वर्ष हे तिच्या मते तिचं होतं, आणि ती मला त्याची आठवण करून देत होती. बाकी वर्षभर साधं बोलायची, पोरांना खाऊ पाठवायची, बायकोच्या ऑपरेशनला रात्रंदिवस बसली. पण एक जूनला दया नाही. गेल्या जूनला म्हणाली, "आजपासून सुरू झालं बरं. पोटभर जेव." मी फोन ठेवला आणि कामावर गेलो. हो, गेलो. गेलं वर्षभर मी कामावर जातोय आणि हजेरीला बोट लावताना रोज तिचं वाक्य आठवतं.

स्वतःला मिळालं नाही ते ती दुसऱ्यांना मिळवून द्यायला लागली. कुळगावच्या तिच्या त्या वन रूम किचनमध्ये जेवणाचं टेबल कधी जेवायला रिकामं सापडलं नाही. मुली यायच्या फॉर्म घेऊन, आणि ती त्यांना सोलून काढायची. "हा उद्देश आहे की लग्नपत्रिका? पुन्हा लिही." "आईबापाची गरिबी आराखड्यात कशाला रडतेस, प्रश्न काय आहे तुझा ते सांग." पोरी रडत जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या. प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर ती आधी पेन्सिलनं लिहायची, 'वयाची अट वाच', आणि सहीच्या प्रत्येक जागी पेन्सिलची बारीक फुली काढायची. बुवापाड्याची करिश्मा एकदा मला म्हणाली, "काका, मॅडम वयाच्या मागे एवढ्या का लागतात? मी तो पंचवीसची है." मी म्हणालो, "तिची सवय आहे." त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात मंजूच्या मांडीवर करिश्माचाच फॉर्म होता. फुल्या काढून झाल्या होत्या.

मागे कोण रडणार, असं मी विचारलं होतं ना? स्मशानात तीस-चाळीस पोरी होत्या. हमसून रडत होत्या. मला रडू येईना.

पण खरी नीच गोष्ट पुढेच आहे. मृत्यूची नोंद करायला मी उल्हासनगर महापालिकेत गेलो. कारकुनानं विचारलं, मृताशी नातं? भाऊ. जन्मतारीख? मी तिचं आधारकार्ड पुढे सरकवलं. तो पोरगा भला होता. म्हणाला, "आधारवर एक जून आहे. खरी वेगळी असेल तर सांगा काका, जुन्या लोकांचं असतं तसं. एक प्रतिज्ञापत्र जोडा, बघू." खिडकीमागे पंखा घरघरत होता. निदान मेल्यावर तरी तिला तिचं वय देता आलं असतं. पण निवृत्तीला अडीच महिने होते माझ्या... मी म्हणालो, "नाही, तीच आहे. एक जून. जुळी होतो आम्ही." त्यानं लिहून घेतलं. दुसऱ्यांदा नाही म्हणालो मी तिला, आणि या वेळी ती समोरही नव्हती.

दिवस झाल्यावर करिश्मा घरी आली. तिचा फॉर्म वेळेत गेला होता. मंजूच्या टेबलावरची एक फाईल तिनं माझ्या हातात दिली. वर माझं नाव होतं. नुसतं 'काशिनाथ'. आत तोच स्टॅम्प पेपर. घडीवर पिवळा पडलाय, पण 'मंजुळा हिचा थोरला भाऊ' ही अक्षरं स्वच्छ आहेत, आणि खाली पेन्सिलची फुलीही आहे. इतक्या वर्षांत तिनं ती खोडली नाही. मग मात्र मी रडलो. शाळेच्या दारात रडायचो तसा, भोकाड पसरून, आणि या वेळी बाजूला बसायला कुणी आलं नाही.

संपादक बाईंना मी एवढंच सांगितलंय की लेख आत्ता छापू नका, जून उजाडू दे. त्या म्हणाल्या, वाढदिवसाच्या सुमारास, छानच होईल. मी हो म्हणालो. एक जूनचा जन्म असला की एकतीस मेला निवृत्त करतात. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा माझं फंडबिंड सगळं सुखरूप हातात पडलेलं असेल. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! आज एप्रिल चालू आहे. मघाशी बायको बाहेर गेल्यावर मी तो स्टॅम्प पेपर टेबलावर पसरला, पेन घेतलं आणि तिनं केलेल्या फुलीवर सही केली. खाली तारीख घातली, दोन जून.